पार्किंगच्या ५० जागा की १०७? न्यू जर्सीतल्या मशिदी आणि टाउनशिपच्या सुनावण्या

खाडीपलीकडे

मागच्या मंगळवारी रात्री पावणेअकराला घरी पोचले. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावपालिकेच्या, प्लॅनिंग बोर्डापुढे (बांधकामाचे अर्ज मंजूर-नामंजूर करणारं मंडळ) आमच्या मशिदीच्या अर्जाची सुनावणी होती, पाचवी. मुलांच्या रविवारच्या शाळेसाठी मागच्या बाजूला चार खोल्या बांधायच्या आहेत, एवढाच अर्ज. साडेतीन तासांतले जवळजवळ दोन तास पार्किंगवर गेले. घरी येऊन झोप लागेना, म्हणून धागा काढतेय. इथे एडिसन, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटरकडचे बरेच जण आहेत आणि हा विषय फक्त मुसलमानांचा नाही असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी: मी महाडकडची, कोकणी मुसलमान. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले त्याला सतरा वर्षं झाली. टाउनशिपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अर्ज अजून चालू आहे.

बास्किंग रिजचं प्रकरण आमच्या भागातल्या मशिदींमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे, बाहेर फार कुणाला माहीत नसतं. तिथल्या इस्लामिक सोसायटीने नोव्हेंबर २०११ मध्ये बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये, चर्च स्ट्रीटवर, चार एकरांच्या आसपास जमीन घेतली. कुठल्या जमिनीवर काय बांधता येतं याच्या नियमांत, म्हणजे झोनिंगमध्ये, त्या जागेवर प्रार्थनास्थळाला परवानगी होतीच. संस्थेचे अध्यक्ष मोहम्मद अली चौधरी हेही काही परके नव्हते. जन्म पाकिस्तानातला, अर्थशास्त्रात पीएचडी, एटी अँड टीमधून निवृत्त, आणि २००४ मध्ये याच टाउनशिपचे महापौर. आराखडाही शेजाऱ्यांना खुपू नये असाच केला होता: घुमट नाही, मिनार आजूबाजूच्या घरांच्या धुराड्यांसारखे. एप्रिल २०१२ मध्ये अर्ज दिला. त्यावर सुनावण्या झाल्या ३९. साडेतीन वर्षं.

मुख्य अडलं ते पार्किंगवर. तिथला नियम तीन माणसांमागे एक जागा. मशिदीत दीडशे माणसं धरली होती, म्हणजे ५० जागा. चर्चला आणि सिनेगॉगला (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) हाच हिशोब लावला जायचा. मशिदीकडून १०७ मागितल्या. आता जागा वाढल्या की डांबर वाढतं, डांबर वाढलं की पावसाचं पाणी कुठे जिरवायचं हा प्रश्न येतो, पाण्याचा खड्डा मोठा केला की कुंपणाकडची झाडांची पट्टी आक्रसते. मग त्या पट्टीवरून नवा आक्षेप, नवा नकाशा, नवी तारीख. ज्यांनी अशा सुनावण्या बसून ऐकल्यात त्यांना हे चक्र बरोबर कळेल. मधेच २०१३ मध्ये टाउनशिपने नियम बदलून प्रार्थनास्थळाला किमान सहा एकर हवेत असं ठरवलं. जमिनीवरच्या पत्रपेटीवरची संस्थेची अक्षरं बदलून कुणीतरी 'आयसिस' करून ठेवली. डिसेंबर २०१५ मध्ये बोर्डाने अर्ज फेटाळला.

मार्च २०१६ मध्ये संस्था फेडरल कोर्टात गेली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारच्या न्याय विभागाने टाउनशिपविरुद्ध स्वतंत्र दावा लावला. ३१ डिसेंबर २०१६ ला न्यायाधीश मायकेल शिप यांनी पार्किंगच्या मुद्द्यावर मशिदीच्या बाजूने निकाल दिला, आणि तोही साक्षीपुरावे सुरू होण्याआधी, दोन्हीकडच्या लेखी कागदांवरून. मशिदीला वेगळा हिशोब लावला हे बोर्डाच्या स्वतःच्या ठरावातच लिहिलेलं होतं. मे २०१७ मध्ये तडजोड झाली: साडेबत्तीस लाख डॉलर आणि मशिदीची परवानगी.

लोक सांगताना खटल्याचं सांगतात. मला त्या ३९ रात्रींचं जास्त वाटतं. प्रत्येक रात्री कुणीतरी कामावरून थेट आलं असेल, मुलांना शेजारी ठेवलं असेल, घशाशी आलेलं गिळून शांतपणे 'आमची जुम्म्याची नमाज एवढा वेळ चालते, माणसं एवढी येतात' हे पुन्हा सांगितलं असेल. आणि ते सगळं रेकॉर्डवर गेलं. ते रेकॉर्ड नसतं तर वकील कितीही मोठे असते तरी कोर्टात काय दाखवलं असतं?

आमच्याकडे मी केलेलं काम अगदी साधं. सहा शुक्रवार मशिदीच्या फाटकाशी उभी राहून गाड्या मोजल्या. हातात तो बटण दाबायचा काउंटर, दुसऱ्या हातात वही. साडेबारा ते अडीच, दर दहा मिनिटांनी नोंद, गाडीत माणसं किती तेही. एका शुक्रवारी बर्फ पडत होतं, बोटं आखडून बटण दाबलं जाईना, तेव्हा आमच्याकडच्या एका सोमाली आजीबाईंनी त्यांचा हातमोजा काढून माझ्या हातात घातला आणि मोजणी होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. सगळ्यात गर्दीच्या दिवशी ६३ गाड्या झाल्या. आमच्याकडे जागा आहेत ७१. ती वही आमच्या ट्रॅफिक इंजिनिअरने स्वतःच्या मोजणीशी ताडून पाहिली आणि शपथेवर साक्ष दिली.

माझे अब्बा गावच्या ग्रामसभेत कब्रस्तानाच्या वाटेचा विषय दर वेळी मांडायचे. पावसात मयत न्यायची तर गुडघाभर चिखल. किती सभा गेल्या मला आठवत नाही, पण दर वेळी इस्त्रीचा सदरा घालून, अर्जाची नक्कल घेऊन जायचे. मंगळवारी माझा नंबर आला आणि माइकसमोरचा हिरवा दिवा लागला, तीन मिनिटांचा, तेव्हा मला तो सदरा आठवला.

तुमच्यापैकी कुणी कधी टाउनशिपच्या सभेला गेलंय का? आपले मराठी लोक मला तिथे दिसत नाहीत, आणि मला ते खरंच हवे आहेत.

जुना_डोंबिवलीकर

ताई, धाग्याबद्दल आभार. मी ब्रिजवॉटरचा. आमच्याकडचं प्रकरण बास्किंग रिजच्या आधीचं. अल फलाह सेंटरने माउंटन टॉप रोडवरचं रेडवुड इन नावाचं जुनं हॉटेल घेऊन तिथे मशीद करायची ठरवली. जानेवारी २०११ च्या सभेला शेकडो लोक लोटले. मार्चमध्ये टाउनशिपने नियम बदलला की प्रार्थनास्थळं ठराविक मोठ्या रस्त्यांवरच हवीत, आणि ती जागा आपोआप बाद झाली. कोर्टात गेलं, २०१४ च्या अखेरीस तडजोड झाली: साडेसत्त्याहत्तर लाख डॉलर. टाउनशिपने ती जागा घेतली आणि मशिदीला दुसरी दिली.

मला सांगायचंय ते वेगळं. त्या वेळी दारावर आलेल्या विरोधाच्या कागदावर मी सही केली होती. 'रस्ता अरुंद आहे, गाड्या वाढतील' एवढं वाचून. त्याच आठवड्यात मी आपल्या बालाजी मंदिराबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावून दर्शनाला गेलो होतो, आणि वैकुंठ एकादशीला तिथे काय गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे. सही करताना ते डोक्यात आलंच नाही. बायकोने रात्री विचारलं, तेव्हा आलं. सही मागे घेता येते का हे मी विचारायलाही गेलो नाही. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

खाडीपलीकडे

काका, तुम्ही लिहिलंत हेच खूप आहे. आमच्या पुढच्या तारखेला याल का? बोलायचं नसेल तर नुसते येऊन बसा.

मृण्मयी_प

फार छान लिहिलंय. एक शंका. मशिदी, मंदिरं, चर्च यांना करमाफी असते ना? मग त्यांनी धोरणांवर बोलणं, लोकांना सभेला आणणं चालतं का? आमच्या मंडळात हा विषय निघाला की लगेच कुणीतरी म्हणतं, 'करमाफी जाईल, राजकारण नको', आणि विषय तिथेच संपतो.

कायदेवाली

मृण्मयी, मी इकडे जमीनवापराच्या कायद्यात काम करते, म्हणून थोडं लिहिते. करमाफी असलेल्या संस्थेने उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध जाहीर करायचा नाही, ही अट १९५४ पासून आहे. पण विषयावर बोलायला बंदी नाही. मतदार नोंदणीचं टेबल लावता येतं, सगळ्या उमेदवारांना सारखंच बोलावून प्रश्नोत्तरं ठेवता येतात, एखाद्या विधेयकावर आमदाराला भेटताही येतं, फक्त ते संस्थेच्या कामाचा मोठा भाग होता कामा नये. इथल्या मुस्लिम संस्था ही रेघ फार काटेकोर पाळतात, कारण त्यांच्या कागदपत्रांकडे इतरांपेक्षा बारकाईने बघितलं जातं हे त्यांना माहीत आहे. आपल्या मंडळांनी त्यांच्याकडून हे जरूर शिकावं.

बास्किंग रिज ज्या कायद्यावर जिंकलं तो सप्टेंबर २००० चा. धार्मिक संस्थांच्या जमीनवापरासाठी आणि कैद्यांच्या धर्मपालनासाठी केलेला. सिनेटमध्ये ओरिन हॅच आणि एडवर्ड केनेडी या दोन टोकांच्या माणसांनी मिळून तो आणला आणि दोन्ही सभागृहांत विरोधाविना मंजूर झाला. त्याचं एक कलम असं की धार्मिक जमावाला बिगरधार्मिक जमावापेक्षा वाईट वागणूक द्यायची नाही, दुसरं असं की धर्माधर्मांत भेद करायचा नाही. कॅलिफोर्नियात सटर काउंटीने एका गुरुद्वाऱ्याला आधी 'रहदारी वाढेल, शेजाऱ्यांना आवाज होईल' म्हणून नाकारलं, मग त्यांनी शेतजमिनीत मोठी जागा घेतली तर तिथेही नाकारलं. २००६ मध्ये अपील कोर्टाने याच कायद्याखाली गुरुद्वाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. बास्किंग रिजच्या बाजूने कोर्टात निवेदन देणाऱ्यांत बाप्टिस्ट पंथाचे ख्रिश्चन होते, ज्यू वकिलांची संघटना होती, शीख होते. सदर्न बाप्टिस्टांच्या २०१६ च्या अधिवेशनात त्यावरून नेत्यांना जाब विचारला गेला, तेव्हा त्यांच्यातलेच एक नेते रसेल मूर यांनी उत्तर दिलं की सरकार आज मशीद अडवू शकलं तर उद्या आपलं चर्चही अडवेल.

आणखी एक, यात चांगल्या मनाची माणसं हमखास चुकतात. अर्ज चालू असताना बोर्डाच्या सदस्याला घरी चहाला बोलावू नका, इफ्तारला बोलावू नका, किराणा दुकानात भेटले तरी त्या विषयावर बोलू नका. प्लॅनिंग बोर्ड अर्जावर बसतं तेव्हा ते जवळजवळ कोर्टासारखं असतं, जे काही सांगायचं ते सभेत, सगळ्यांसमोर. ओळखी करायच्या त्या अर्ज नसतानाच्या वर्षांत करा. आणि न्यू जर्सीत अर्जदाराला २०० फुटांतल्या सगळ्या मालकांना किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस नीट गेली नाही तर सुनावणी परत पहिल्यापासून.

रानवारा

वेगळं मत मांडतो, कृपया राग नसावा. माझं घर एका चर्चला लागून आहे. रविवारी सकाळी माझ्या ड्राइव्हवेतून गाडी बाहेर काढता येत नाही. शेजाऱ्यांची तक्रार दर वेळी द्वेषातूनच येते असं नाही. पार्किंगचं बोललं की लगेच 'तुम्ही मुसलमानविरोधी' असं होणार असेल, तर साधा माणूस काही बोलणारच नाही, आणि मनात ठेवेल.

खाडीपलीकडे

रानवारा, राग अजिबात नाही. तुमचं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. आमच्या मागच्या गल्लीत एक इटालियन आडनावाचे वयस्कर गृहस्थ राहतात. प्रत्येक सुनावणीला येतात, विरोधात बोलतात. सुरुवातीला मला त्यांची भीती वाटायची. तिसऱ्या सुनावणीत त्यांनी सांगितलं की त्यांच्या बायकोला पार्किन्सन आहे, आणि रमझानमध्ये रात्री उशिरा तरावीहची नमाज संपली की गाड्यांचे दिवे थेट तिच्या खिडकीवर येतात, ती दचकून उठते. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यावर आमच्याकडून सहा फुटी कुंपण आणि रात्री नऊनंतर मागचं फाटक बंद असा प्रस्ताव दिला.

पण त्याच सभेत दुसरं कुणीतरी उठून विचारतं, 'तुमच्या रविवारच्या शाळेत नेमकं काय शिकवणार?' बोर्डाच्या वकिलांनी लगेच थांबवलं, हा प्रश्न जमीनवापराचा नाही म्हणाले. तरी तो माझ्या मुलीने ऐकला. दहा वर्षांची आहे, मागे बसून गृहपाठ करत होती. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, 'अम्मी, आपण काय शिकतो असं त्यांना वाटतं?' दिव्यांचा आक्षेप आणि हा आक्षेप वेगळे आहेत. पहिल्यावर कुंपण घालता येतं.

रानवारा

दिव्यांचं वाचलं. मुलीचंही. समजलं.

क्वीन्सकर

न्यूयॉर्ककडचं थोडं. जानेवारी २००६ मध्ये राज्याची शालेय परीक्षा बरोबर ईद-उल-अजहाच्या दिवशी आली. मुलांनी नमाजला जायचं की पेपरला? तिथून पालकांनी, मशिदींनी, कामगार संघटनांनी मिळून ईदच्या सुट्टीची मागणी लावून धरली. त्याच वर्षी राज्याने कायदा केला की धार्मिक सणांच्या दिवशी राज्याच्या परीक्षा शक्यतो ठेवायच्या नाहीत. सिटी कौन्सिलने जून २००९ मध्ये सुट्टीचा ठराव केला, पण तो बंधनकारक नव्हता आणि महापौर ब्लूमबर्ग यांनी नकार दिला. मार्च २०१५ मध्ये त्यांच्यानंतरचे महापौर डी ब्लासिओ यांनी दोन्ही ईद शाळेच्या कॅलेंडरमध्ये घातल्या. पहिली सुट्टी २४ सप्टेंबर २०१५ ला मिळाली. नऊ वर्षं लागली, आणि ज्यांनी सुरुवात केली त्यांची मुलं तोवर शाळेतून बाहेर पडली होती.

दिवाळीच्या सुट्टीसाठी आपण राज्याच्या आमदार जेनिफर राजकुमार यांच्या मागे उभे राहिलो, नोव्हेंबर २०२३ मध्ये गव्हर्नर होकल यांनी सही केली, आपण पेढे वाटले. चांगलंच झालं. पण सभांमध्ये ज्यांच्याबरोबर मी बसलो, त्या बांगलादेशी काकूंनी ईदच्या वेळच्या अर्जांची फाईल आम्हाला आणून दिली होती. कोणत्या कार्यालयात कुणाला लिहायचं, शाळांमधली हजेरी दाखवून मुद्दा कसा मांडायचा, सगळं त्यात. आमचं पहिलं पत्र त्या फाईलवरूनच बेतलेलं होतं. हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

आता नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी महापौरपदी निवडून आले, त्यांचे वडील महमूद ममदानी यांचा जन्म मुंबईचा. माझ्या आईला डोंबिवलीला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, 'म्हणजे आपल्याकडचेच की.'

निळी_शाई

मी २००९ च्या सुमारास रटगर्स विद्यापीठात शिकत होते, न्यू ब्रन्सविकला. तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. २०११ पासून बातम्या येऊ लागल्या की न्यूयॉर्कचे पोलीस नदी ओलांडून न्यू जर्सीत येऊन मुस्लिम विद्यार्थी संघटनांवर, मशिदींवर, अगदी जेवायच्या ठिकाणांवर पाळत ठेवत होते. कॉलेजजवळ त्यांनी एक अपार्टमेंट घेऊन ठेवलं होतं, आणि २००९ मध्ये बिल्डिंगच्या देखभालवाल्याने आतलं सामान बघून घाबरून ९११ ला फोन केला होता. नंतर पाळत ठेवणाऱ्या या पोलीस युनिटच्या वरिष्ठांनी २०१२ मध्ये शपथेवर सांगितलं की त्यांच्या काळात या कामातून तपासाचा एकही धागा हाती लागला नाही.

माझी तेव्हाची रूममेट मुस्लिम, हैदराबादची. बातम्या आल्यावर तिच्या अब्बांनी फोन करून सांगितलं, 'संघटनेत जाऊ नकोस, अभ्यास कर.' ती रक्तदान शिबिर भरवायची, तेही सोडलं. बाकी काही करतच नव्हती ती.

या पाळतीविरुद्ध कोर्टात दावा लावणाऱ्यांत पहिलं नाव सय्यद फरहाज हसन यांचं, ते अमेरिकी लष्कराच्या राखीव दलातले सैनिक. २०१४ मध्ये खालच्या कोर्टाने दावा काढून टाकला. ऑक्टोबर २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने तो परत उभा केला, आणि निकालात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी-अमेरिकन लोकांची आठवण करून दिली. २०१८ मध्ये तडजोड झाली. मी रूममेटला तो निकाल पाठवला होता. तिने उत्तरात फक्त विचारलं, 'आता शिबिर कोण भरवतं?'

मृण्मयी_प

हे वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही.

ताई, मी अजून एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आहे. नागरिक नाही, मतदार नाही. मला सभेत बोलता येईल?

कायदेवाली

नक्की. सभा सगळ्यांना खुली असते, बोलताना नाव आणि पत्ता विचारतात, नागरिकत्व नाही. फक्त एक काळजी घे आणि सगळ्या एच-१, एच-४, ग्रीन कार्डवाल्यांना सांग: लायसन्सच्या काउंटरवर किंवा मॉलमधल्या टेबलावर कुणी मतदार नोंदणीचा कागद पुढे केला तर सही करू नका, कितीही प्रेमाने सांगितलं तरी. नागरिक नसताना ती खूण केली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात फार महागात पडते. चांगल्या हेतूने सही केलेल्यांचे कागद निस्तरायला माझ्याकडे येतात, ते बघवत नाही. बोलायचा हक्क आहे, मताचा नाही. बोलायचा हक्क तू पुरेपूर वापर.

खाडीपलीकडे

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, काल सहावी सुनावणी झाली म्हणून दोन दिवस इथे आले नाही.

डोंबिवलीकर काका आले होते. मी त्यांना ओळखत नव्हते, टोपी घातलेले एक गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसलेले दिसले. लोकांच्या बोलण्याची वेळ आली तेव्हा ते उठले. शेजारच्या गावातून आलोय म्हणाले, २०११ ची सही सांगितली, जशी इथे लिहिली तशीच, आणि मग मंदिराबाहेर रस्त्याकडेला लावलेल्या गाडीचं सांगितलं. पिवळा दिवा लागला तेव्हा थांबले. बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी त्यांना धन्यवाद दिले. मागच्या गल्लीतले आजोबा बाहेर पडताना माझ्याजवळ आले आणि कुंपण लाकडाचं असेल की प्लास्टिकचं हे विचारलं. लाकडाचं म्हटलं. बरं, म्हणाले.

मतदान अजून झालेलं नाही. पाण्याच्या निचऱ्याचा एक तक्ता बोर्डाच्या इंजिनिअरला सुधारून हवा आहे. पुढची तारीख १४, मंगळवार, रात्री साडेसात. मृण्मयी, निळी_शाई, आणखी कुणाला यायचं असेल त्यांनी मला इथेच निरोप टाका, पत्ता खासगीत पाठवते. मुलांना आणलं तरी चालेल, मागच्या रांगेत टेबल आहे. गाडी लायब्ररीच्या बाजूला लावा, पुढच्या जागा सातलाच भरतात.